कहाणीतलं पाप-पुण्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की भिंतीवर जिवतीचा कागद चिकटतो आणि कपाटातलं कहाण्यांचं पातळ पुस्तक बाहेर येतं. वाचणारी माणसं हल्ली वाचता वाचता अडखळतात. हे मुलांना सांगावं का, यातून ती काय घेतात, ठरलेल्या साच्यातल्या गोष्टीत नीती असते की नुसता धाक? असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. लिहिणाऱ्याला कहाण्या आवडतात हे आधीच कबूल. तेवढी बाजू झुकलेली असणार.

कहाणीचा साचा म्हणजे नेमकं काय?

आटपाट नगर असतं, तिथं एक गरीब ब्राह्मण किंवा राजा किंवा नावडती सून असते. घरात काहीतरी कमी असतं: अन्न, मूल, मान. मग रानात, नदीकाठी, शेजारी कुणीतरी भेटतं आणि वसा सांगतं. वसा घेतला की भरभराट होते. भरभराटीत विसर पडतो, विसर पडला की पडझड होते, आठवण झाली की गेलेलं परत येतं. शेवटी साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते.

व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकानं 1928 मध्ये रशियन परीकथांचा असाच सांगाडा मांडला. पात्रं बदलली तरी त्यांनी करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात आणि साधारण ठरलेल्या क्रमानं येतात. त्यानं अशा 31 कृती मोजल्या. एखाद्या गोष्टीत त्यातल्या काही गळतात, पण क्रम सहसा मोडत नाही. कोणतीही श्रावणातली कहाणी घेऊन बसलात तर तिच्यातही यातल्या बऱ्याच सापडतील.

आपल्या कहाणीत मात्र एक जागा खास आहे. वसा मागणाऱ्याला आधी झिडकारलं जातं: तुला रे कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. तो म्हणतो, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. म्हणजे देण्याआधीच पडण्याची शक्यता बोलून दाखवलेली असते. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की हा किंवा याच्या घरातलं कुणीतरी नक्की मातणार. पुढे काय होणार याची उत्सुकता त्यामुळे राहत नाही. कधी आणि कशानं होणार, एवढ्याचीच राहते.

सगळ्या कहाण्या एकाच साच्यातल्या, तर त्यात नीतीचा विचार तो कसला? व्रत करा, पैसे मिळवा, इतकंच ना?

शेवटचं वाक्य तेवढं वाचलं तर इतकंच. पण सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली जाते की घरातलं असेल नसेल तेवढं सगळं दूध देवळात आणायचं. धाकानं गाव राबतं. वासरांना पाजत नाहीत, मुलांच्या वाट्याचं दूधही देवळात जातं. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिनं घरचं काम उरकलंय, लेकरांना खाऊ घातलंय, सुनांना जेवू घातलंय, गाईवासरांना चारापाणी केलंय. मग उरलेलं खुलभर दूध घेऊन ती येते, देवाची प्रार्थना करते, दूध ओतते, आणि गाभारा भरतो.

साच्याच्या हिशेबानं इथं कहाणी संपायला हवी. पण राजा पाळत ठेवून म्हातारीला पकडतो, अभय देतो आणि कारण विचारतो. ती जे सांगते त्याचा मथितार्थ असा की तुझ्या आज्ञेपायी वासरं तळमळली, मुलं तळमळली, थोरामोठ्यांचे तळतळाट लागले. देवाला हे आवडत नाही, म्हणून गाभारा भरत नाही.

एका गरीब बाईनं राजाला तोंडावर सांगितलंय की तुझी भक्ती दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडचं काढून केलेली आहे. व्रताच्या पुस्तकात, श्रावणी सोमवारी, देवासमोर बसून हे वाचलं जातं. आमच्या मते कहाण्यांची नीती अशा मधल्या जागी असते, जिथं ऐकणाऱ्याच्या पोटात तुटतं. शेवटचं फळ हा वाटखर्च समजावा.

थोडक्याचं दान मोठं ठरतं, ही गोष्ट तर सगळीकडेच आहे. यात मराठी काय?

खरंच सगळीकडे आहे. सुदाम्याचे पोहे आहेत, सेतू बांधताना खारीचा वाटा आहे. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात एक गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन लहानशी नाणी टाकते आणि येशू म्हणतो की हिनं सगळ्यांहून जास्त दिलं.

पण फरक बघा. त्या विधवेनं जवळ होतं ते सगळं दिलं, पोटाचासुद्धा विचार केला नाही, म्हणून तिचं दान थोर ठरलं. आपल्या म्हातारीनं सगळ्यांची पोटं भरल्यावर जे उरलं ते दिलं, म्हणून तिचं थोर ठरलं. गोष्टीचा आकार तोच आणि मधला निवाडा जवळजवळ उलटा. एका ठिकाणी सर्वस्व देणं महत्त्वाचं आहे, दुसऱ्या ठिकाणी कुणाच्या ताटातलं काढून न देणं. साचा सारखा आहे म्हणून नीतीही सारखीच असेल असं समजणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात.

दिव्यांच्या अवसेच्या कहाणीत सुनेला एवढी मोठी शिक्षा का? तिनं तर फक्त खाऊ खाल्ला होता.

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आषाढी अमावास्येची ही कहाणी आमची सगळ्यांत आवडती, म्हणून उत्तर लांबणार.

राजाच्या सुनेनं घरातलं काही खाल्लं आणि आळ उंदरांवर घातला. उंदीर चिडले: आपण काही न करता नाव आपलं. त्यांनी रात्री तिची चोळी नेऊन पाहुण्याच्या अंथरुणात टाकली. सकाळी बोभाटा झाला. सासू, दीर सगळ्यांनी तिची निंदा केली आणि तिला घराबाहेर काढलं. ही सून रोज दिवे घासायची, तेलवात करायची, अवसेला त्यांना नैवेद्य दाखवायची. ती गेल्यावर ते बंद पडलं. पुढे अवसेच्या रात्री राजा शिकारीहून परतताना एका झाडाखाली थांबला. बघतो तर गावातले सगळे दिवे झाडावर जमलेत आणि कुणाच्या घरी काय जेवणखाण झालं, कशी पूजा झाली ते एकमेकांना सांगतायत. त्यात राजाच्या घरचा दिवा उदास होता. त्यानं घडलेलं सगळं सांगितलं. राजानं घरी येऊन चौकशी केली की कुणी काही डोळ्यांनी पाहिलं होतं का. कुणीच पाहिलं नव्हतं. सून मानानं परत आली.

आता शिक्षेचं माप. एक घास खाऊन खोटं बोलणं ही चूक केवढी, आणि घराबाहेर जाणं केवढं! माप चुकलेलं आहेच, पण ते माप कहाणीनं ठरवलेलं नाही, घरच्यांनी ठरवलंय. उंदरांनी जशास तसं केलं: तू आमच्यावर खोटा आळ घातलास, आम्ही तुझ्यावर घातला. तिथवर हिशेब बरोबरीचा आहे. त्या बरोबरीच्या हिशेबाचं संकट झालं ते सासरच्यांनी चोळीचा तुकडा पाहून बाईची अब्रू ठरवली म्हणून. उंदरावर घातलेला आळ घरानं पचवला, सुनेवर घातलेला पचवला नाही. राजाचा प्रश्न शेवटी बसतो तो नेमका इथं: पाहिलं कुणी?

उंदरांनाही आळाचा राग येऊ शकतो, घरातल्या दिव्यालाही साक्ष देता येते, हा कहाणीचा थाट आहे. बोलू न शकणारं कुणीतरी सतत बघत असतं. मुलांना यात भीती कमी आणि दिलासा जास्त वाटतो असा आमचा अनुभव आहे. झाडावर बसून गप्पा मारणारे दिवे म्हटल्यावर ती पुढचं विसरूनच जातात, हेही आहे.

बरं-वाईट माणसाला उपजत कळतं की गोष्टींमधून कळतं?

गोष्ट रचण्याची खोड उपजत असावी, असं दिसतं. 1944 मध्ये फ्रित्झ हायडर आणि मेरीॲन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक लहानशी चित्रफीत लोकांना दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारं दार असलेला एक चौकोन, एवढंच होतं. पाहणाऱ्यांनी तिचं वर्णन मोठा त्रिकोण दांडगट आहे, धाकटे दोघे त्याच्यापासून पळतायत, असं केलं. भूमितीच्या आकृत्यांतही आपण खलनायक शोधतो.

तान्ह्या बाळांबद्दल मात्र जपून बोलावं. डोंगर चढणाऱ्या आकृतीला मदत करणारी आणि तिला खाली ढकलणारी, अशा दोन आकृत्या दाखवल्यावर बाळं मदत करणारीकडे हात नेतात, असा निष्कर्ष 2007 मध्ये गाजला होता. पुढे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग केला. त्याचा निकाल 2024 मध्ये आला आणि बाळांचा तसा कल त्यात आढळला नाही. त्यामुळे 'बाळ जन्मतःच नीतिमान असतं' हे वाक्य भाषणात वापरणाऱ्यांनी जरा दम धरावा.

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगितलं की मुलं तसं वागतात का?

सांगितल्यामुळे वागतात असं नाही. कँग ली हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाला एकटं सोडायचं, पाठीमागचं खेळणं बघू नकोस म्हणून बजावायचं. बहुतेक जण बघतातच. मग एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, पाहिलंस का? खोटं बोलून नाक वाढलेल्या बाहुल्याची गोष्ट आणि लांडगा आला रे आलाची गोष्ट ऐकून मुलांच्या खरेपणात फरक पडला नाही. चेरीचं झाड तोडून वडिलांपाशी कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळवणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त प्रमाणात खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोट्याला शिक्षा केली, तर परिणाम गेला.

गंमत अशी की ती चेरीच्या झाडाची गोष्टच बनावट आहे. वॉशिंग्टनचा चरित्रकार मेसन वीम्स यानं ती 1806 च्या आवृत्तीत घुसडली. खरं बोलायला शिकवणारी सर्वांत परिणामकारक गोष्ट थापेतून आलेली.

लांडगा आला रे आला ही आपल्या शाळांची लाडकी गोष्ट आहे. ती सांगू नये असं आम्ही म्हणत नाही, ती रंगते. पण तिच्यातून मूल 'खोटं बोलू नये' हे उचलतं की 'एकच थाप दोनदा मारू नये' हे, याची खात्री कुणी देऊ नये.

प्राण्यांच्या गोष्टी लहान मुलांना जास्त पटतात ना?

आवडतात, यात शंका नाही. वागण्यात उतरतात का, हा वेगळा प्रश्न. टोरांटोतल्या एका प्रयोगात वाटून खाण्याची एकच गोष्ट काही मुलांना माणसांची पात्रं घेऊन सांगितली, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर दुसऱ्यांना जास्त दिले.

पंचतंत्राची तर गोष्टच न्यारी. ते सद्वर्तनाचं पुस्तक आहे असं आपण गृहीत धरतो. राजपुत्रांना जगात टिकायला शिकवणं हा त्याचा बांधा आहे, आणि टिकणं नेहमी सरळ मार्गानं होत नाही. पहिल्या तंत्रात दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. सिंहाच्या हातून बैल मरतो. दमनकाचं काय होतं? काही नाही. त्याचा हेतू तडीस जातो आणि तो प्रधानकी भोगतो.

हे सगळ्यांना पचलं नाही. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकानं पहलवी या जुन्या इराणी भाषेतून या कथा अरबीत आणल्या, तेव्हा त्या पुस्तकात एक नवं प्रकरण आलं. त्यात दमनकावर, म्हणजे अरबीतल्या दिम्नावर, खटला चालतो, साक्षी होतात आणि तो शिक्षा भोगून मरतो. मूळ संस्कृत कथेत हा खटला नाही. गोष्ट देशांतर करून गेली आणि तिथल्या वाचकानं म्हटलं, हा असा सुटून कसा जाईल? दुष्टाचं वाईट व्हावं ही भूक एवढी मोठी की माणसं दुसऱ्याच्या पुस्तकाला प्रकरण जोडतात.

आम्हाला स्वतःला खटल्याविनाची गोष्ट जास्त खरी वाटते. कार्यालयात काम केलेल्या कुणालाही वाटेल.

चिऊताई दार का उघडत नाही?

कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. कावळा दार ठोठावतो आणि चिऊताई म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते, थांब, झोपवते. बाहेर पाऊस चालूच.

मोठ्यांना वाटतं ही कष्टाची आणि आळसाची गोष्ट आहे. लहान मूल ती कावळ्याच्या जागेवरून ऐकतं: भिजतोय तो. काही घरांत पुढे कावळा आत येतो आणि तापलेल्या तव्यावर बसून भाजतो. काही घरांत तो लबाडीनं घरातलं खाऊन टाकतो, म्हणजे चिमणीचा संशय खरा ठरतो. काही घरांत आजीच दार उघडून देते, कारण समोरचा श्रोता रडवेला झालेला असतो. तीनही शेवट चालू आहेत, आणि कुठला निवडलात त्यावरून तुमच्याबद्दल बरंच कळतं. आमच्या घरी तवा होता.

एकच गोष्ट दुसऱ्या देशांतही सापडते, याचा अर्थ नीती सगळीकडे एकच, असा घ्यायचा का?

शुक्रवारची बहीण-भावाची कहाणी यासाठी उत्तम. भाऊ श्रीमंत, सहस्रभोजन घालतो, गरीब बहिणीला बोलावत नाही. तिला वाटतं, गडबडीत विसरला असेल. मुलांना घेऊन ती पंगतीत बसते. तूप वाढता वाढता भाऊ तिच्यापाशी येतो आणि म्हणतो, तुझ्या अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक मला हसतात, उद्या येऊ नको. मुलांच्या हट्टापायी ती पुन्हा जाते, आणि शेवटी तो तिला हाताला धरून बाहेर काढतो. पुढे शुक्रवारचा वसा, देवीची कृपा, संपत्ती. आता भाऊ सन्मानानं जेवायला बोलावतो. बहीण भरजरी नेसून, दागिने घालून येते. पाटावर एकेक दागिना उतरवून ठेवते आणि ताटातला एकेक पदार्थ उचलून त्या दागिन्यांवर ठेवते. भाऊ विचारतो, ताई, हे काय? ती म्हणते, ज्यांना तू जेवायला बोलावलंस त्यांनाच भरवते आहे.

हाच प्रसंग मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर तुर्कस्तानपासून मध्य आशियापर्यंत सांगतात. साध्या कपड्यांत मेजवानीला गेला तर कुणी विचारलं नाही. भारी अंगरखा घालून आला तर मानाची जागा. मग तो बाही ताटात बुडवून म्हणतो, खा अंगरख्या, खा. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत या कथाप्रकाराला 1558 हा क्रमांकही आहे.

क्रमांक एकच, पण दुखणं निराळं. नसरुद्दीनचा यजमान परका आहे. त्याची फजिती होते, आपण हसतो, विषय संपतो. मराठी कहाणीत ताट वाढणारा हात भावाचा आहे आणि हाकलणारा हातही त्याचाच. बहीण तिथं विनोद करत नाही. तिच्या बोलण्यावर पंगतीत कुणी हसल्याचं कहाणी सांगत नाही. भाऊ पाया पडतो, ती त्याला क्षमा करते आणि मगच जेवते. माहेर तोडून घेणं तिला परवडणारं नव्हतं, हे कहाणी सांगणाऱ्या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दिखाव्याला मान देणं वाईट, एवढं सगळीकडे सारखं. वाईट वागणाऱ्याशी उद्या नातं ठेवायचं आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

चांगल्याचं चांगलंच होतं, हे मुलांना सांगणं खोटं नाही का?

खोटं आहे, आणि कधी कधी घातकही.

ज्याँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञानं मुलांना एक गोष्ट सांगितली होती. चोरी करून पळणारा मुलगा पुलावरून जाताना पूल मोडून पाण्यात पडतो. चोरी केली नसती तर पडला असता का? लहान मुलं बहुधा म्हणायची, नसता पडला. मोठी मुलं म्हणायची, पूल कुजकाच होता. त्याचं हे काम 1932 मध्ये प्रसिद्ध झालं. वय वाढतं तसा हा समज सुटतो, असं वाटतं खरं.

पूर्ण सुटत नाही. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात दाखवलं की विनाकारण त्रास भोगणाऱ्या माणसाकडे बघत बसावं लागलं आणि मदत करता येत नसली, तर बघणारे त्या माणसालाच नावं ठेवू लागतात. जग न्यायाचं आहे हा भरवसा वाचवायचा, तर भोगणाऱ्याचं काहीतरी चुकलेलं असलंच पाहिजे. आपल्याकडे हे प्रयोगाविना ठाऊक आहे. मूल झालं नाही, नवरा लवकर गेला, की शेजारीण हळूच म्हणते, काहीतरी राहिलं असेल हिच्या हातून. घेतला वसा टाकू नका, या ओळीची ही काळी बाजू आहे आणि ती लपवू नये.

निदान मुलांसमोर एक भेद करता येतो. कहाणीत फळ मिळतं कारण ती कहाणी आहे. म्हातारीनं वासरांना पाजलं ते गाभारा भरावा म्हणून नव्हे. त्यांना भूक लागली होती.

कहाण्यांत ब्राह्मणच का, आणि फळ म्हणून मुलगाच का?

कारण छापलेली पोथी ज्या घरांतून आली त्या घरांचं जग तेवढं होतं. सवाष्णीचा मान, मुलग्याची आस, विधवेचं अदृश्य असणं, हे सगळं साच्यातच बसलेलं आहे. साचा नीती वाहून नेतो तशी अनीतीही वाहून नेतो, आणि तीही त्याच गोडव्यानं.

तरी जिवतीची कहाणी नीट ऐका. राणीला मूल नाही म्हणून सुईण गरीब ब्राह्मणीचं मूल पळवते आणि आईच्या पुढ्यात वरवंटा ठेवते. ती बाई दर श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा करून चारी दिशांना अक्षता टाकते: माझं बाळ असेल तिथं खुशाल असो. गरिबाच्या घरातून श्रीमंताच्या घरात मूल जातं आणि ते उघड व्हायला अख्खं आयुष्य लागतं. शेवटी मायलेकरं भेटतात. सुईणीला आणि राणीला शिक्षा झाल्याचं प्रचलित कहाणी सांगत नाही. सांगणाऱ्यांना दरबाराचा न्याय ठाऊक असावा.

पोथीबाहेर जाल तर आणखी सापडेल. जात्यावरच्या ओव्यांत सीतेच्या वनवासाबद्दल बायका जे बोलल्यात, त्यात रामाची भीड फार ठेवलेली नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. तिथं फळाचं आश्वासन क्वचितच, दुःखाची वाटणी भरपूर.

गोष्टी सांगणाऱ्यांमुळे समाज खरंच सुधारतो का?

सुधारतो म्हणणं फार झालं. फिलिपीन्समधल्या आगता या, शिकार करून आणि रानातलं गोळा करून जगणाऱ्या लोकांत झालेलं एक काम 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या वस्तीत चांगले गोष्ट सांगणारे जास्त, तिथली माणसं वाटणीच्या खेळात एकमेकांशी जास्त सहकार्यानं वागली. शेजार कुणाचा हवा असं विचारल्यावर लोकांनी गोष्ट सांगणाऱ्यांना पसंती दिली. त्यांच्या एका गोष्टीत सूर्य आणि चंद्र आभाळावरून भांडतात आणि शेवटी दिवस-रात्र वाटून घेतात. गोष्टींमुळे सहकार्य वाढलं की सहकार्य होतं म्हणून गोष्टी फुलल्या, हे एवढ्यावरून सांगता येत नाही.

आदित्यराणूबाईच्या कहाणीनं यावर स्वतःचं मत देऊन ठेवलं आहे. बाप राजाच्या घरी दिलेल्या लेकीकडे जातो, म्हणतो, मला कहाणी सांगायची आहे, ऐक. ती म्हणते, वेळ नाही, राजा पारधीला जायचाय. तिचं राज्य जातं. प्रधानाच्या घरची लेक ऐकते, तिचं टिकतं. हाल काढल्यावर राणीला उमजतं. मग परतीच्या वाटेवर ती प्रत्येक मुक्कामाला कुणी उपाशी माणूस आहे का म्हणून शोधत फिरते. मोळीविक्या सापडतो, मळा वाळलेला माळी सापडतो, मुलं गमावलेली म्हातारी सापडते. जवळच्या सहा मोत्यांतली तीन ती त्यांना देते, तीन स्वतः ठेवते, आणि कहाणी मनोभावे सांगते, ते चित्तभावे ऐकतात.

म्हणजे सांगणाऱ्यानं ऐकणाऱ्याला निम्मी मोती द्यायची. व्याख्यानमालांच्या संयोजकांनी हा नियम अजून मनावर घेतलेला नाही.

आमची मुलं परदेशात वाढतायत. सहाण, वरवंटा, वळचण काहीच ठाऊक नाही. कहाणी पोचेल का?

पोचते. वस्तू समजावत बसू नका, लय सोडू नका. मूल विचारेल तेवढंच सांगा. अर्थ न कळलेल्या शब्दांवर मुलं जास्त प्रेम करतात.

मूल मध्येच थांबवून म्हणतं, हे चूक आहे. पुढे वाचायचं की शेवट बदलायचा?

आधी विचारा, कुणाचं चुकलं? उत्तर सहसा अनपेक्षित येतं. दिव्यांच्या कहाणीत एका मुलीनं पाहुण्याला दोषी धरलं होतं: त्याला ठाऊक होतं की काही झालं नाही, मग तो गप्प का बसला? छापलेल्या कहाणीत पाहुणा एका वाक्यात येऊन जातो, त्याच्याकडे आजवर कुणी वळून पाहिलं नव्हतं. असा प्रश्न आल्यावर शेवट बदलायची घाई नको. गोष्ट आहे तशी पुरी करा आणि पाहुण्याचं काय करायचं ते मुलांवर सोडा. शेवट बदलायचाच असेल तर बदलला आहे हे सांगून बदला.

आजी सांगते ती कहाणी पुस्तकातल्यापेक्षा वेगळी आहे. बरोबर कुठली?

दोन्ही. पुस्तकातली कुणाच्या तरी आजीचीच होती, ती छापली गेली एवढंच. आजीची फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि सोबत तिचं गाव, माहेर, कुणाकडून ऐकली, कुठल्या वारी सांगते, हे लिहा. मध्ये ती थांबली, हसली, 'हे तुला कशाला सांगायचं' म्हणाली, तर ते कापू नका. बहुधा नेमकं तिथंच तिनं पोथीहून वेगळं काहीतरी ठरवलेलं असतं.